पायसाइड ६ : माऊस बाजूला ठेवून कोडमधनंच स्क्रीन बांधायचा असेल तर

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं पाल्हाळ. दुकानात, अडतीवर, वर्कशॉपमध्ये चालणारं डेस्कटॉप सॉफ्टवेअर तुम्ही एकटे किंवा दोघं मिळून करत असाल, ते पुढची कित्येक वर्षं तुम्हालाच सांभाळायचं असेल आणि लेबलं मराठीत असतील, तर क्यूटीचं पायथनवालं रूप म्हणजे पायसाइड ६ घ्या आणि सगळा स्क्रीन कोडमध्येच लिहा. त्याच्याबरोबर माऊसनं खाने ओढून स्क्रीन बांधायचा डिझायनर फुकटात येतो, तो उघडूच नका. पाचपैकी चार देतो. एक कुठं कापला ते पुढं येईलच.

ज्यांना क्यूटी माहीतच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नॉर्वेतल्या ट्रोलटेक नावाच्या कंपनीनं १९९५ ला बाहेर काढलेली ही खिडक्या, बटणं, खाने बांधायची मूळ सी प्लस प्लसची लायब्ररी, आत्ताची सहावी पिढी डिसेंबर २०२० ला आली. पायथनमधनं वापरायला दोन रस्ते आहेत, पायक्यूटी आणि पायसाइड. कोड दिसायला जवळजवळ सारखाच, फरक लायसन्सचा. पायक्यूटी जीपीएलवर आहे, म्हणजे तुमचा सोर्स उघडा ठेवा नाहीतर पैसे भरून कमर्शियल लायसन्स घ्या. पायसाइड खुद्द क्यूटीवाल्यांचं आणि एलजीपीएलवर, त्यामुळं गिऱ्हाइकाला सोर्स न देता विकता येतं, फक्त क्यूटीच्या फायली वेगळ्या ठेवायच्या म्हणजे कुणाला बदलायच्या असतील तर बदलता येतील, आणि लायसन्सचा कागद सोबत द्यायचा. आमच्यासारख्या छोट्या धंद्याला हा फरक लय मोठा आहे.

मी हे वापरलं ते कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानासाठी. काम पट्टीचं. कोल्हापूरबाहेरच्यांना सांगतो, शेतकऱ्याचा गूळ सौद्यात म्हणजे लिलावात गेला की त्याच्या हातात जो हिशोबाचा कागद पडतो ती पट्टी. रवे म्हणजे गुळाच्या ढेपा किती, वजन किती, क्विंटलला दर काय लागला, मग त्यातनं हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी घेतलेली उचल वजा आणि खाली हातात पडणारी रक्कम. इतका साधा स्क्रीन. आधीचं सॉफ्टवेअर व्हीबी ६ म्हणजे व्हिज्युअल बेसिकमधलं होतं, १९९८ चं ते टूल, त्याच्या एडिटरचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं २००८ ला थांबवला पण त्यात बनवलेल्या एक्सई आजही विंडोज ११ वर बिनबोभाट चालतात, म्हणून तर यार्डात अजून ठिकठिकाणी दिसतात. चालण्याची अडचण नव्हतीच, अडचण दिसण्याची. व्हीबीत फॉर्मवर माऊसनं खाना ठेवला की त्याची जागा ट्विपमध्ये लिहून ठेवली जाते, इंचाला १४४० ट्विप, आणि तो खाना जन्मभर तिथंच. मालकांनी मोठा मॉनिटर आणला की फॉर्म कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा दिसतो आणि मोठा करायला गेलं तर नुसती राखाडी जागा वाढते. त्यात खान्यांची उंची ठरलेली, इंग्रजी फॉन्टवर मापलेली. मराठीला वर वेलांटी मात्रा रफार, खाली उकार सगळं लागतं, ते कापलं जायचं, गुळाचा ऊकार बॉर्डरखाली जाऊन नुसता गळ दिसायचा.

आता मुद्द्याचं. कोडमध्ये लेआउट लिहायचं म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं एक्स किती वाय किती असे आकडे टाईप करत बसायचं, आणि मग ते म्हणतात की त्यापेक्षा माऊसनं ओढलेलं काय वाईट. तसं असतं तर मी पण ओढलंच असतं. क्यूटीत आकडे लिहायचेच नसतात, नाती लिहायची असतात. हे याच्या खाली, हे याच्या शेजारी, जागा उरली तर ती टेबलाला द्या, बटणं उजवीकडं सरकवा. बस. किती पिक्सल ते क्यूटी फॉन्ट बघून ठरवतं. प्रत्येक विजेट, म्हणजे स्क्रीनवरचा खाना, बटण, लेबल यातलं काहीही, विचारल्यावर आपल्याला किती जागा बरी वाटेल ते सांगतो, त्याला साइज हिंट म्हणतात, आणि ती हिंट फॉन्टच्या मापावरनं निघते, त्यामुळं निर्मला फॉन्ट लावा, दुसरा कुठला लावा, साइज १४ करा, खाना आपोआप उंच होतो आणि उकार जाग्यावर राहतो. मराठी स्क्रीन करणाऱ्यानं निदान एवढ्या एका गोष्टीसाठी तरी हे वापरून बघावं. अक्षरजुळणीला क्यूटी आत हार्फबझ वापरतं, जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी सगळं नीट येतं.

पट्टीचा स्क्रीन कसा बांधलाय ते सांगतो म्हणजे कल्पना येईल. सगळ्यात बाहेर एक व्हीबॉक्स, म्हणजे एकाखाली एक. त्यात वर एक एचबॉक्स, म्हणजे शेजारी शेजारी, त्याच्या डाव्या बाजूला फॉर्म लेआउट. फॉर्म लेआउट ही माझी आवडती गोष्ट, क्यूटी ४.४ पासून आहे, तुम्ही फक्त 'शेतकऱ्याचं नाव' आणि त्याचा खाना असं अ‍ॅड रो करत जायचं, सगळ्यात लांब लेबल जेवढं तेवढी लेबलांची रांग रुंद होते आणि सगळे खाने एका ओळीत येतात. 'गाव' आणि 'गाडी नंबर' आणि 'शेतकऱ्याचं नाव' यांच्या लांबीत एवढा फरक आहे की हातानं मापं घालायची तर डोकं फिरेल. उजव्या बाजूला दुसरा फॉर्म लेआउट, त्यात वजावटी. मधे रव्यांचं टेबल, त्याला स्ट्रेच १, बाकी कुणाला काही नाही, म्हणजे खिडकी ओढून मोठी केली की फक्त टेबल वाढतं आणि जास्त ओळी दिसतात, दिवाणजींना पाहिजे होतं ते हेच. सगळ्यात खाली परत एचबॉक्स, त्यात पहिल्यांदा अ‍ॅड स्ट्रेच आणि मग सेव्ह, प्रिंट, रद्द. अ‍ॅड स्ट्रेच म्हणजे अदृश्य स्प्रिंग, ती डावीकडची जागा खाऊन बटणांना उजवीकडं ढकलते. हीच ओळ बटणांच्या नंतर लिहिली की बटणं डावीकडं, दोन्हीकडं लिहिली की मधोमध. सगळं मिळून कोड एका पानात बसतो आणि वरनं खाली वाचत गेलं की स्क्रीन डोळ्यापुढं येतो.

आणि वजावटी तर मी लूपमध्ये फिरवल्यात. एक यादी आहे, हमाली, तोलाई, गाडीभाडं, उचल, त्या यादीवर लूप फिरतो आणि प्रत्येकाचा लेबल नि खाना फॉर्ममध्ये टाकत जातो. दुसऱ्या दुकानाला वजावट वेगळी असते, नियम बदलले की कुणाकडनं काय घ्यायचं ते बदलतं, मी यादीत एक ओळ वाढवतो नाहीतर काढतो, स्क्रीन आपापला सावरून घेतो. डिझायनरमध्ये हेच करायचं म्हणजे फॉर्म उघडा, खाना ओढा, नाव द्या, परत सेव्ह करा, आणि तेही प्रत्येक दुकानाची वेगळी फाईल ठेवून. कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या गिटमध्ये सुद्धा फरक कळतो. डिझायनरची यूआय फाईल म्हणजे एक्सएमएल, एक खाना वाढवला की डिफमध्ये, म्हणजे काय बदललं त्या यादीत, टॅगांचा ढीग दिसतो आणि मागच्या सीझनला काय बदललं होतं ते वाचून कळत नाही. कोडमध्ये एक ओळ वाढली तर डिफमध्ये पण एकच ओळ.

आता जिथं डोकं दुखतं तो भाग, साइज पॉलिसी. सुरुवातीला सगळे इथंच अडकतात त्यामुळं जरा सविस्तर लिहितो. नुसतं स्ट्रेच माहीत असून भागत नाही, प्रत्येक विजेटचा स्वभाव वेगळा. पंगतीत कसं, काहीजण जागा कमी पडली की मांडी आवळून घेतात, काहीजण जागा दिसली की ऐसपैस पसरतात, आणि एखादा असा असतो की पाट सोडून इंचभर हलत नाही. लाइन एडिट म्हणजे एका ओळीचा खाना, तो आडवा पसरणारा पण उभा फिक्स्ड. पुश बटण उंचीला फिक्स्ड, रुंदीला मजकुराएवढं किमान. टेबल दोन्हीकडं पसरणारं. आणि लेबल दोन्हीकडं प्रेफर्ड, म्हणजे भांडत नाही, पण दुसरं कुणी घेणारं नसेल तर उरलेली सगळी जागा गुमान घेऊन बसतं. म्हणून काय होतं, व्हीबॉक्समध्ये वर शीर्षकाचं लेबल, खाली दोन लाइन एडिट आणि एक बटण असा छोटा सेटिंगचा स्क्रीन केला आणि मॅक्झिमाइझ केला, की खाने आणि बटण तळाला चिकटून बसतात आणि दुकानाचं नाव स्क्रीनच्या मध्यावर एकटंच लोंबकळतं. बघणाऱ्याला वाटतं बग आहे. बग नाही, बाकी सगळे उंचीला फिक्स्ड आहेत म्हणून लेबलाला मोकळं रान मिळालं. शेवटी एक अ‍ॅड स्ट्रेच टाकला की सगळे वर सरकतात. हे एकदा डोक्यात बसलं की क्यूटीच्या लेआउटची निम्म्याहून जास्त कोडी सुटली समजा.

तरीही काही दिसेनासं झालं तर एक देशी उपाय, पूर्ण अ‍ॅपला तात्पुरती स्टाइलशीट लावायची, प्रत्येक विजेटला एक पिक्सलची लाल बॉर्डर. कोण किती जागा खातंय ते लगेच उघडं पडतं. लेआउट स्वतः विजेट नसल्यामुळं त्याची बॉर्डर दिसत नाही एवढंच, पण आतल्या विजेटांवरनं अंदाज येतो. आणि लेआउटमध्ये लेआउट घालायचा, विजेटमध्ये विजेट नको, कारण आतल्या लेआउटचं डिफॉल्ट मार्जिन शून्य असतं पण प्रत्येक विजेटाचा स्वतःचा लेआउट आपलं चारी बाजूंचं मार्जिन घेऊन येतो, तीन पातळ्या आत गेलं की कडेला फुकटची पांढरी पट्टी तयार.

मार्जिनची कंजुषी का करायची तर स्केलिंगमुळं, म्हणजे पडद्यावरचं सगळं ठराविक टक्के मोठं दाखवायच्या विंडोजच्या सोयीमुळं. जुना चौकोनी मॉनिटर १०२४ बाय ७६८ चा. नवीन लॅपटॉप १९२० बाय १०८०, म्हणजे भरपूर जागा असं वाटतं, पण छोट्या पडद्यावर विंडोज स्केलिंग १५० टक्क्यांवर असतं, आणि क्यूटी ६ मध्ये हाय डीपीआय, म्हणजे ते स्केलिंग पाळणं, कायम चालूच, बंद ठेवायचा पर्याय सरळ नाही. १९२० ला दीडनं भागा, १२८०. १०८० ला भागा, ७२०. म्हणजे उंचीला नवीन लॅपटॉपवर जुन्या डबड्या मॉनिटरपेक्षा कमी जागा, त्यात टास्कबारची उंची वेगळी गेली. लेआउट तुमच्या विजेटांच्या किमान मापाच्या खाली खिडकी आकसू देत नाही, त्यामुळं स्क्रीन गच्च भरला असेल तर सेव्हचं बटण टास्कबारमागं जाऊन बसतं. लेआउट आहे म्हणजे सगळं आपोआप, असं समजून राहू नका. वरचा भाग स्क्रोल एरियात टाका, आणि स्क्रोल एरियावर विजेट रिसाइझेबल हे ट्रू करायला विसरू नका, ते डिफॉल्टला फॉल्स असतं आणि मग आतला फॉर्म पसरतच नाही. बटणांची ओळ मात्र स्क्रोलच्या बाहेर ठेवा.

दिवाणजींची परीक्षा मात्र वेगळीच होती. त्यांनी रंग बघितला नाही, फॉन्ट बघितला नाही, सरळ नाव टाईप करून एंटर मारला आणि काही झालं नाही म्हटल्यावर माझ्याकडं बघितलं. 'साहेब, एंटर मारला की म्होरल्या खान्यात गेलं पायजे, ह्यो टॅब कुठं हुडकत बसू मी? सौदा सुटला की माणसं डोक्यावर हुभी असत्यात.' बरोबरच आहे त्यांचं, अख्खी हयात एंटरवर गेली. क्यूटीला टॅब कळतो, एंटरनं पुढं जाणं तुम्हाला जोडावं लागतं, लाइन एडिटचा रिटर्न प्रेस्ड सिग्नल पुढच्याच्या सेट फोकसला. खान्यांची यादी हातात असेल तर हे पण एका लूपचं काम. पण स्क्रीन डायलॉगमध्ये असेल तर सावध, डायलॉगमधलं पुश बटण आपोआप ऑटो डिफॉल्ट असतं, म्हणजे एंटर मारला की दाबलं जाणारं, त्यामुळं एंटर खान्याला पण पोचतो आणि बटणाला पण, फोकस पुढं जातो आणि त्याच दणक्यात अर्धवट पट्टी सेव्ह होते. प्रत्येक बटणाला सेट ऑटो डिफॉल्ट फॉल्स करायचं, विषय संपला. टॅबचा क्रम मात्र कोडवाल्याला फुकटात मिळतो कारण ज्या क्रमानं विजेट बनवले तोच क्रम, आणि कोड आपण वरनं खालीच लिहितो. डिझायनरमध्ये मागाहून मधे घातलेला खाना क्रमात शेवटी जाऊ शकतो, मग टॅब ऑर्डरचं वेगळं मोड उघडून एकेकावर क्लिक करत बसायचं.

आता कापलेला एक मार्क. पहिलं म्हणजे बघायची सोय नाही. ओळ बदला, रन करा, बघा, बंद करा, परत. डिझायनरमध्ये निदान प्रीव्ह्यू तरी आहे. मी स्क्रीनचा क्लास वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो आणि डेटाबेस न जोडता खोटी नावं भरून तेवढाच चालवतो, त्यानं सुसह्य होतं. दुसरं, मदतीची पानं मूळ सी प्लस प्लससाठी लिहिलेली, पायथनला त्यातनंच काढलेली, वाचताना मनातल्या मनात भाषांतर करत जावं लागतं. तिसरं, चालू स्क्रीनमधनं एखादा विजेट काढायचा तर रिमूव्ह विजेट म्हटल्यावर तो लेआउटमधनं जातो पण पडद्यावर आहे तिथंच भूत होऊन राहतो, त्याला लपवायचं नाहीतर डिलीट लेटर करायचं. नुसता लपवला तर जागा आपोआप मिटते, ती रिकामी राहायला हवी असेल तर साइज पॉलिसीत रिटेन साइज चालू करायचं. आणि चौथं, वजन. व्हीबीची एक्सई कुठल्याही पेनड्राईव्हच्या कोपऱ्यात मावायची, इथं पायथनच्या प्रोग्रॅमची एक्सई करणाऱ्या पायइन्स्टॉलरनं बांधलेला साध्या फॉर्मचा फोल्डर सुद्धा शंभर एमबीच्या घरात सहज जातो. पिपनं, म्हणजे पायथनची पॅकेजं उतरवायच्या टूलनं, पायसाइड६-एसेन्शियल्स एवढंच घ्या, पूर्ण पॅकेजमध्ये ब्राउझर इंजिनापासनं थ्रीडीपर्यंत सगळं येतं, पट्टीला ते कशाला. आणि एकच मोठी फाईल बनवायच्या फंदात पडू नका, ती दरवेळी चालू होताना टेंप फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते, वेळ खाते आणि अँटीव्हायरस पण तिच्यावर संशय घेतो. फोल्डर द्या, डेस्कटॉपवर शॉर्टकट टाका.

टीकिंटरचं विचारणारे असतातच. ती पण स्क्रीन बांधायचीच लायब्ररी, पायथनबरोबर आयतं येतं, हलकं आहे, चार बटणांच्या घरगुती टूलला झकास. पॅक, ग्रिड आणि प्लेस असे तीन प्रकार, पण एकाच फ्रेममध्ये पॅक आणि ग्रिड मिसळले की एरर. ग्रिडमध्ये प्रत्येक कॉलमचं वेट डिफॉल्टला शून्य, ते द्या, स्टिकी द्या, मग कुठं खाना पसरतो. शिकायला बरं, पण मोठं टेबल आणि मराठी आलं की मी तिकडं जात नाही, लिनक्सवर तर टीकिंटरच्या पोटातल्या टीके ८.६ ला जोडाक्षरं धड जुळवता येत नाहीत.

डिझायनर अगदीच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. साइज पॉलिसी म्हणजे काय ते ओढून बघायला, कुठलं विजेट कसं वागतं ते शिकायला छान आहे, आणि टीममध्ये ग्राफिकवाला वेगळा असेल तर त्याच्या हातात द्यायला पण. आमच्याकडं ग्राफिकवाला पण मीच.

एक शेवटचं, घ्यायच्या आधी गिऱ्हाइकाचं मशीन बघून या. क्यूटी ६ ला विंडोज १० किंवा पुढचं लागतं आणि पायसाइड ६ चं विंडोजवरचं तयार पॅकेज ६४ बिटचंच मिळतं. यार्डात, वर्कशॉपवाल्या उद्यमनगरात अजून विंडोज ७ वाली डबडी धूळ खात चालू आहेत आणि मालक म्हणतात चालतंय की, बदलायचं कशाला. तिथं पायथन ३.८ आणि पायसाइड २ घाला, ते क्यूटी ५.१५ वर आहे, ३२ बिटमध्ये पण मिळतं. लेआउटचा कोड जवळपास तोच राहतो, इम्पोर्टच्या ओळी बदलायच्या, एक्झेकच्या मागं अंडरस्कोर लावायचा, आणि हाय डीपीआय तिथं आपोआप चालू नसतं ते अ‍ॅप सुरू व्हायच्या आधी अ‍ॅट्रिब्यूटनं चालू करून घ्यायचं.